मूल वेगळं वाढतंय असं कळलं की आपल्याच तालुक्यात कुठे कुठे जायचं

ज्यांच्या घरी आत्ता नुकतंच कळलंय की बाळाला सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा राहत नाही) आहे, किंवा ऑटिझम (स्वमग्नता) आहे, किंवा डॉक्टर फक्त "थोडा उशीर होतोय, बघू" एवढंच म्हणालेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझी मुलगी सीपी आहे, आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो, त्यामुळे मला जे माहिती आहे ते गावातून, सिव्हिलमधून, पंचायत समितीच्या जिन्यावरून माहिती झालेलं आहे. आणि मला एकच गोष्ट ठासून सांगायचीय, ती म्हणजे आधी जवळचं बघा. नातेवाईक सगळे म्हणतात पुण्याला न्या, मुंबईला न्या, अमक्या बाबाकडे न्या. निदानासाठी मोठ्या ठिकाणी एकदा जाऊन यायला काहीच हरकत नाही, पण थेरपी ही वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट आहे आणि ती एसटीने पाच तास लांब असेल तर चार महिन्यात बंद पडते. घराजवळ साधी का असेना पण नियमित मिळाली तर मुलं पुढे सरकतात.

सगळ्यात पहिलं, आजाराचं नाव कळायची वाट बघू नका आणि दिव्यांग सर्टिफिकेटची तर अजिबात नको. मान धरत नाहीये, हाक मारली तर वळून बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी एक शब्द नाही, आधी बोलायचा तो आता बोलत नाही, असं काही दिसलं की आशाताईला किंवा अंगणवाडीताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून आहे, २०१३ पासून चालू आहे, त्याची गाडी येते, डॉक्टरांची टीम असते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. ० ते १८ वयाच्या मुलांसाठी आहे हे. ही टीम मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवते. डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, बहुतेक ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातच असतं, तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक हे सगळे एकाच ठिकाणी असावेत अशी ती योजना आहे. प्रत्यक्षात एखादी पोस्ट रिकामी असते, म्हणून जायच्या आधी फोन करून विचारा की स्पीचवाल्या मॅडम कुठल्या वारी बसतात, नाहीतर एक दिवसाची मजुरी बुडवून जायचं आणि खुर्ची रिकामी. टीमच्या गाडीची वाट बघायचीच असंही नाही, थेट सिव्हिलला जाऊन केसपेपर काढून डीईआयसी कुठे विचारलं तरी चालतं.

जाताना मोबाईलमध्ये व्हिडिओ घेऊन जा. हे मी प्रत्येक आईला सांगते. दवाखान्यात गेल्यावर मूल घाबरतं, झोपतं नाहीतर रडत बसतं, आणि डॉक्टरांना दहा मिनिटात जे दिसतं त्यावर ते लिहितात. घरी जेवताना कसा बसतो, खेळणं हातात दिलं की काय करतो, झटका येतो तो नेमका कसा येतो (आधी मुलाला सुरक्षित कुशीवर घ्या, मग दुसऱ्या कोणीतरी व्हिडिओ काढायचा), भावाबरोबर कसा असतो, असे छोटे छोटे तुकडे असू द्या. आणि एक वही, त्यात जन्माच्या वेळचं सगळं, म्हणजे कितव्या महिन्यात झाला, वजन किती, काचेत किती दिवस होता, कावीळ होती का, कधी मान धरली, कधी बसला. डिस्चार्ज कार्ड टाकून देऊ नका, ते अजून दहा वर्षांनी पण मागतात.

आता थेरपीचं. थेरपिस्ट आठवड्यातून एकदा फार तर दोनदा भेटणार, बाकीचा वेळ मूल आपल्यापाशीच असतं, म्हणून तिथे गेल्यावर बाहेर बाकड्यावर बसून राहू नका, आत जा, "मला करून दाखवा, मग मी करते, चुकलं तर सांगा" असं म्हणा. चांगला थेरपिस्ट याला कधीच नाही म्हणत नाही. उदाहरण म्हणून भरवण्याचं सांगते, कारण आपल्याकडे मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवायची पद्धत असते आणि सीपीच्या मुलांना त्यानेच ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जायची भीती असते आणि मग सारखी सर्दी-न्यूमोनिया चालू राहतं. आम्हाला फिजिओ मॅडमनी शिकवलं ते असं की पाठ सरळ, कंबर आणि गुडघे काटकोनात, पायाखाली पाट, मान मागे न जाता हनुवटी किंचित खाली. आपण समोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं, वरून नाही. चमचा चपटा घ्यायचा, समोरून आत न्यायचा, जिभेच्या मधे हलकं दाबायचं आणि ओठ मिटायची वाट बघायची, वरच्या दातावर घासून घास काढायचा नाही. वरण-भात असेल तर पातळ पाण्यासारखा नको, घट्टसर मऊ. एवढ्या बदलाने आमच्याकडे जेवणाची रोजची रडारड संपली. खुर्ची विकत घ्यायचीच असं काही नाही, भिंतीच्या कोपऱ्यात उशा लावून, गावातल्या सुताराकडून लाकडी कोपरा-खुर्ची करून घेऊन सुद्धा भागतं, फक्त माप फिजिओकडून लिहून घ्या, अंदाजाने करू नका.

दिव्यांग सर्टिफिकेट आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. हे एकच कागद बाकी सगळ्या दारांची किल्ली आहे म्हणून याच्यात वेळ गेला तरी घालवा. स्वावलंबन कार्ड नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, त्याच्यावर मोबाईलवरून किंवा महा ई सेवा केंद्रात जाऊन नोंदणी होते, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो, त्यात आपलं हॉस्पिटल निवडायचं, नोंदणी नंबर मिळतो, तो घेऊन बोर्डाच्या, म्हणजे डॉक्टर तपासून टक्के ठरवतात त्या दिवशी जायचं. बोर्डाचे वार ठरलेले असतात, डोळ्यांचा वेगळा, हाडांचा वेगळा, मानसिकचा वेगळा, ते सिव्हिलला फळ्यावर लिहिलेलं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पूर्वी एवढे नव्हते, त्यामुळे कोणी जुनं सांगितलं की "ऑटिझमला मिळत नाही", "थॅलेसेमियाला मिळत नाही" तर ऐकू नका, दोन्ही यादीत आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक योजना लागू होतात. कार्डाचा रंग पण त्यावरच असतो, ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं.

लहान मुलांचं सर्टिफिकेट तात्पुरतं मिळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वाढत्या वयात मूल बदलतं म्हणून तसं ठेवलंय. बौद्धिक दिव्यांगांच्या बाबतीत एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, पाच वर्षापर्यंत विकासाला उशीर असं लिहितात, आणि मग ५, १० आणि १८ ला परत तपासून घ्यायचं असतं. ती मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर आणि मोबाईलमध्ये दोन्हीकडे लिहून ठेवा. मुदत संपली आणि लक्षात आलं नाही की मिळणारे पैसे अडकतात आणि मग सगळं पहिल्यापासून.

बोर्डाच्या दिवशी डबा, पाण्याची बाटली, एक आवडतं खेळणं, जादाचे कपडे, आणि जमलं तर घरातलं एक माणूस जास्तीचं. उपाशी, कंटाळलेल्या मुलाची बुद्ध्यांक चाचणी नीट होतच नाही. सायकॉलॉजिस्ट आपल्यालाही प्रश्न विचारतात, स्वतःच्या हाताने जेवतो का, बटण लावतो का, संडास-लघवी सांगतो का, रस्ता ओलांडतो का. इथे आई-वडील प्रेमापोटी "हो हो, करतो" म्हणतात, पण खरं काय असतं की आपण शर्ट घालून देतो, बटण भोकात अर्धं सरकवून देतो आणि तो फक्त ओढतो. ते "करतो" नाही, ते "मदतीने करतो" आहे. जसं आहे तसं सांगा, कमी पण नाही आणि वाढवून पण नाही, कारण त्या उत्तरावर टक्के ठरतात. टक्के पटले नाहीत तर कायद्यात अपील करायची सोय आहे, खिडकीवरचा माणूस नाही म्हणाला म्हणून परत फिरू नका.

कार्ड हातात आलं की मग कुठलं टेबल कशाचं ते बघू. तहसील कार्यालयात संजय गांधी शाखा असते, तिथे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, मूल लहान असेल तर पालकांमार्फत करायचा. दिव्यांगांसाठीची रक्कम २०२५ मध्ये महिना १५०० वरून २५०० केलीय. उत्पन्नाची अट आहे, म्हणून तलाठ्याकडून सुरुवात करून उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं लागतं.

ग्रामपंचायत. हे खूप लोकांना माहितीच नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, सगळ्यांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गाव छोटं असेल तर रक्कम छोटी असते, पण त्यातून व्हीलचेअर, थेरपीचं साहित्य, शाळेला उतार करून देणं, असं काही ना काही होतं. तोंडी सांगून कोणी काही करत नाही. ग्रामसभेच्या आधी लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या, आणि गावात अजून दोन-तीन घरी दिव्यांग माणूस असेलच, वयस्कर असेल, अंध असेल, त्यांनाही घेऊन सभेला जा. एकट्या आईचा अर्ज आणि चार घरांचा अर्ज यात फरक पडतो हो, मी बघितलंय. गेल्या वर्षी किती पैसे यावर खर्च झाले हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे, शांतपणे पण उभं राहून विचारा.

जिल्हा परिषदेत समाजकल्याण विभागाकडे विशेष शाळा, शिष्यवृत्ती, साहित्य अशा गोष्टी असतात. राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा वेगळाच विभाग झालाय आणि त्याचं आयुक्तालय पुण्यात आहे, त्यामुळे जिल्ह्याला दाद लागली नाही तर तिकडे लेखी पाठवता येतं. चाकाची खुर्ची, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्टा), श्रवणयंत्र यासाठी केंद्राची एडिप योजना आहे, अलिम्को या साहित्य बनवणाऱ्या सरकारी कंपनीची शिबिरं लागतात, महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साहित्य पूर्ण फुकट. पण शिबिरात सगळ्यांना एकाच मापाची खुर्ची मिळायची शक्यता असते, मुलाच्या अंगाला न बसणारी खुर्ची पाठ अजून वाकडी करते, तर घेण्याआधी फिजिओला विचारा.

शाळेचं थोडं सविस्तर सांगते कारण इथेच पालक सगळ्यात जास्त ऐकून घेतात. "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, तुम्ही विशेष शाळेत घाला" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणार. शाळेला अपंगत्वाच्या कारणावरून नाकारता येत नाही. ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्याला हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे, निवड आपली. खाजगी इंग्लिश शाळेत घालायचं असेल तर आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही. प्रवेश नाकारला तर भांडत बसू नका, "हे मला लेखी द्या" एवढंच म्हणा, बहुतेक वेळा सूर तिथेच बदलतो. नाहीच बदलला तर अर्ज घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे.

आणि त्याच इमारतीत किंवा शेजारी गट साधन केंद्र असतं, बीआरसी म्हणतात सगळे. तिथे समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय योजनेचे विशेष शिक्षक असतात. हे लोक शाळेत येतात, वर्गशिक्षकांना सांगतात, आणि मूल घरातून बाहेरच पडू शकत नसेल तर घरी येऊन शिकवतात. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींना प्रोत्साहन भत्ता हे सगळं त्यांच्याच यादीतून जातं, तर यादीत नाव आहे का हे जून-जुलैमध्येच विचारा. एका विशेष शिक्षकाकडे खूप शाळा असतात, त्यांच्यावर चिडू नका, त्यांचा नंबर घ्या आणि महिन्यातून एकदा मुलाची प्रगती कळवत राहा, आमच्याकडे सगळ्यात जास्त कामाला आलेलं माणूस तेच आहे. दहावीला लेखनिक, तासाला २० मिनिटं जादा वेळ अशा सवलती आहेत पण त्या शाळेमार्फत बोर्डाकडून आधी मंजूर करून घ्यायच्या असतात, परीक्षेच्या आठवड्यात काही होत नाही. लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण) असेल तर त्याची तपासणी ठराविक हॉस्पिटलमध्येच होते, मुंबईत सायन हॉस्पिटलला त्याचं क्लिनिक आहे, नंबर उशिरा लागतो म्हणून आठवी-नववीलाच सुरुवात करा.

पैशाच्या बाजूचं पटकन सांगते. ऑटिझम, सीपी, बौद्धिक दिव्यांग आणि बहुदिव्यांग या चौघांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी कुठली तपासणी लागत नाही आणि ओपीडी, थेरपीचा खर्च पण धरतात, जे दुसऱ्या विम्यात सहसा मिळत नाही. ट्रस्टकडे नोंद असलेल्या संस्था फॉर्म भरून देतात. एप्रिल ते मार्च असं वर्ष असतं, रिन्यूअल विसरू नका, थेरपीची बिलं शिक्का-सहीची घ्या. एसटीला ४० टक्के किंवा जास्त असेल तर तिकिटात ७५ टक्के सवलत, आणि ६५ किंवा जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के, ओरिजिनल कार्ड जवळ ठेवा. नोकरी असेल आणि जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल तर दिव्यांग मुलासाठी ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० वजावट मिळते.

मोठ्या ठिकाणी कधी जायचं? कान असेल तर लगेच. ऐकू येत नाही अशी शंका आली की "मोठा झाल्यावर बोलेल, त्याचे बाबा पण उशिरा बोलले" हे घरातलं ऐकत बसू नका, बेरा टेस्ट (कानाची तपासणी) करून घ्या. कॉक्लिअर इम्प्लांटला (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) एडिपमधून मदत पाच वर्षापर्यंतच्या मुलांना मिळते आणि जितकं लवकर तितकी भाषा चांगली येते. बांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. हाडाचं, हातापायाचं असेल तर हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. विदर्भातल्या लोकांना नागपूरला सीआरसी हे केंद्र सरकारचं पुनर्वसन केंद्र आहे, त्यांनी मुंबईपर्यंत यायची गरज नाही. नाशिकला रजनी लिमये बाईंनी १९७७ ला सुरू केलेली प्रबोधिनी, पुण्यात कामायनी, मुंबईत जय वकील, अशा बौद्धिक दिव्यांग मुलांच्या जुन्या शाळा आहेत, तिथे प्रवेश घ्यायचा नसला तरी एकदा बघून या, वर्ग कसा लावलाय, मोठी मुलं कार्यशाळेत काय काम करतात, हे बघितलं की आपल्या मुलाचं पुढचं वय डोळ्यासमोर येतं आणि मनातली भीती बरीच कमी होते. मोठ्या ठिकाणाहून परत येताना एवढंच मागा की घरी आणि आमच्या तालुक्याच्या फिजिओने काय करायचं ते लिहून द्या, आणि तो कागद इथल्या फिजिओला द्या.

आता पालकांचा गट. सरकारी सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. थेरपीच्या बाहेर बाकड्यावर ज्या आया बसलेल्या असतात त्यांचे नंबर घ्या, तीन जणी असल्या तरी व्हॉट्सॅपवर गट करा. आमच्या गटात कोणत्या खिडकीवर कोण चांगलं बोलतं, कुठला डेंटिस्ट अशा मुलांना घेतो, कोणाची लहान झालेली व्हीलचेअर आता कोणाला होईल, हे सगळं तिथेच कळतं. सिव्हिलला जायला एकच गाडी करून चौघी गेलो तर भाडं परवडतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आलटून पालटून मुलं सांभाळणं. लग्नाला जायचंय, स्वतःचा दात दुखतोय, की नुसतं दुपारी झोपायचंय, अशा वेळी शेजारणीकडे मूल ठेवायला जीव होत नाही, पण जिचं स्वतःचं मूल तसंच आहे तिला फिट्सचं औषध कधी द्यायचं, भरवायचं कसं, हे सांगावं लागत नाही. त्यासाठी एक कागद करून दाराच्या मागे लावा: औषधं आणि वेळा, कशाने चिडतो, कशाने शांत होतो, कुठला हात दुखतो, डॉक्टरांचा नंबर. गटात एक नियम मात्र ठेवा, चमत्कारी औषध, स्टेम सेल, जडीबुटी यांच्या जाहिराती टाकायच्या नाहीत. आपल्या काळजीवर धंदा करणारे लोक असल्या गटांमध्येच शिरतात, आणि लोकांनी जमिनी विकलेल्या मी बघितल्यात.

वडिलांना पण गटात घ्या. बऱ्याच घरात थेरपी आईची आणि पैसे बाबांचे अशी वाटणी होते आणि बाबाला मूल उचलायचं कसं हे पण माहिती नसतं. भावा-बहिणीला पण अधूनमधून एकट्याला जत्रेला, आईस्क्रीमला घेऊन जा, ते बोलत नाहीत पण त्यांना लागतं.

कागदपत्रांची एक फाईल करा, प्लास्टिकच्या खिशांची, एका खिशात एकच कागद, सर्टिफिकेट लॅमिनेट नका करू, झेरॉक्सचा एक गठ्ठा मागे, आणि सगळ्याचे फोटो मोबाईलवर. आधारचं बोटांचं-डोळ्यांचं अपडेट ५ आणि १५ व्या वर्षी करावं लागतं. हात उघडत नसतील किंवा मूल डोळे स्थिर ठेवत नसेल तर बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे, केंद्रावर ते शब्द वापरून मागा, नाहीतर "होत नाही" म्हणून परत पाठवतात.

आणि मूल सतरा वर्षांचं झालं की अजून एक काम. १८ पूर्ण झाल्यावर कायद्याने आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत, बँकेत सहीचा प्रश्न येतो. ऑटिझम, सीपी, बौद्धिक आणि बहुदिव्यांग यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालकत्व देते, त्याला कोर्टात जावं लागत नाही. समितीच्या बैठका रोज नसतात, म्हणून वाढदिवसाच्या पाच-सहा महिने आधीच जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून या की अर्ज कोणाकडे द्यायचा, समितीवर कुठली संस्था आहे आणि पुढची बैठक कधी, आणि आपल्या दोघांनंतर कोण बघणार ते नाव पण घरात बसून, त्या माणसाला समोर घेऊन, आधीच ठरवून ठेवा.